हिरव्या दोऱ्याची निरगाठ

तार हॉस्टेलवर आली तेव्हा मी जेवायला बसले होते. ‘आत्या सीरियस, ताबडतोब नीघ.’ आमच्या घरून येणाऱ्या तारेत माणूस सीरियस असतं तेव्हा ते गेलेलं असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. भिंगारला पोचेपर्यंत मी रडले नाही. एसटीत खिडकीशी बसून एकच विचार करत होते, की होळीला मी घरी गेले होते तेव्हा ती शाल पांघरून बसली होती, उकाडा असताना... आणि मी विचारलं तर म्हणाली होती, “कॉलेजातल्या पंख्याचा वारा बाधला.” मला तेव्हाच ते खरं वाटलं नव्हतं. पण आमच्या घरात कुणाचंच काही चटकन खरं वाटत नाही, म्हणून मी तो संशयही सोडून दिला.

मालूआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि भिंगारला आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं. चौतिशीची बाई पगार मिळवते, साडीवर कॅनव्हासचे बूट घालते आणि गणपती झाले की रजा काढून एकटी राजूरच्या डोंगरात जाते, एवढं शेजाऱ्यांना पुरेसं होतं. पप्पांनाही. ते कधी काही बोलले नाहीत, पण मी कॉलेजात गेले त्या वर्षी त्यांनी तिला सांगितलं, “मिनूला बरोबर ने, तिलाही डोंगर बघू दे.” आणि मला दारामागे बोलावून म्हणाले, “डोळे उघडे ठेव.” एसटी संगमनेरच्या पुढे गेल्यावर आत्या माझ्याकडे न बघताच म्हणाली, “डोळे उघडे ठेवायला सांगितलंय ना दादानं? मग ठेव. मला फुलं मोजायला माणूस हवंच होतं.”

ती ज्याच्यामागे होती ते झुडूप मुरुडशेंगेचं. शेंग सगळ्यांनी बघितलेली असते, जडीबुटी विकणाऱ्या गंध्याच्या दुकानात, बाळगुटीत, पीळ घातलेल्या सुतळीसारखी. फूल फार कुणी बघत नाही. डोंगराच्या उतारावर माणसापेक्षा थोडं उंच, खरखरीत पानांचं हे झाड, आणि पानांच्या बेचक्यात वाकडं, चोचीसारखं लाल फूल. सकाळी उमललेलं हे फूल दुसऱ्या दिवशी राखेच्या रंगाचं होतं. निळसर राख. एकाच फांदीवर लाल आणि राखी शेजारी शेजारी असतात, जणू दोन वेगळी झाडं. आत्याचा प्रश्न साधा होता. हा रंग पाखरू येऊन गेलं म्हणून उतरतो, की नुसता दिवस गेला म्हणून? त्यासाठी ती काही कळ्यांना जुन्या मलमलीच्या छोट्या पिशव्या घालायची, म्हणजे पाखराची चोच आत जाणार नाही. आणि उमलेल त्या दिवसाप्रमाणे देठाला दोरा बांधायची, पांढरा, लाल किंवा पिवळा. गाठ नेहमी सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. निरगाठ मारली तर देठ गुदमरतो, म्हणायची.

आम्ही राजूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत हौसाबाईंकडे उतरायचो. त्या पहिल्या वर्षी, झाडांवर पिशव्या दिसल्यापासून, दोन दिवस त्यांनी आम्हाला भाकरी वाढली आणि आमच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या आणि आणखी दोघीजणी थेट उतारावर येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, राग मानू नका. माजं नातवंड रातभर रडतंय. अन् हितं झाडाला दोरे, पुरचुंड्या. आमाला काय कळत न्हाई व्हय?”

आत्या एका कळीवरची पिशवी उघडून ती फांदी त्यांच्यापुढे धरत म्हणाली, “बघा की.”

“फूल हाय.”

“फूलच आहे.”

“मंग कोंडलं कशापायी? त्यानं काय केलं तुमचं?”

“पाखरू भेटलं नाही तर त्याचा रंग उतरतो का, ते बघतेय.”

हौसाबाईंनी दुसऱ्या बाईकडे पाहिलं. “ह्ये बघाया सरकार पगार देतंय?”

“ह्याला नाही देत. रजा काढून आलेय.”

“मंग तर लईच अवघड हाय तुमचं,” हौसाबाई म्हणाल्या, आणि तिघीही तोंडाला पदर लावून हसल्या. नातवंडाला संध्याकाळी आत्यानं मुरुडशेंगच उगाळून दिली. ते झोपलं, आणि आमच्यावरचं किटाळ गेलं. तरी पुढे कितीतरी दिवस हौसाबाई जाता येता पिशव्यांना चाचपून बघायच्या.

परतताना संगमनेरच्या स्टँडवर आत्या म्हणाली, “तू सामानाजवळ बस. मी आलेच.” ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात दोन मोसंबी होती आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. “कोण भेटलं?” मी विचारलं. “कुणी नाही,” ती म्हणाली आणि मोसंबं सोलायला लागली. मला वाटलं, आहे. कुणीतरी आहे. घरी पप्पांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “फुलं मोजली.” का कोण जाणे, तिचं जे काही होतं ते मला माझ्याजवळच ठेवायचं होतं. उलगडा झाल्याशिवाय बोलायचं नाही, हा माझा स्वभाव.

त्या वर्षी झाकलेल्या फुलांचाही रंग उतरला. पाखरू आलं नाही तरी. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. आत्या म्हणाली, “एका वर्षाच्या फुलांवर विश्वास ठेवायचा नसतो. पिशवीच्या उबेनं उतरला नसेल कशावरून? दादा माणसांवर संशय घेतो, मी फुलांवर. घराणं एकच.”

दुसऱ्या वर्षी दुष्काळ होता. नगरहून निघाल्यापासून दोन्ही बाजूंना नुसती तपकिरी जमीन आणि रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं. अकोल्याच्या पुढे हिरवं दिसायला लागलं तर तेही खोटं वाटलं. त्या वेळी आत्या चढताना मध्येमध्ये थांबायची आणि मला दरीतलं काहीतरी दाखवायची... तिथे दाखवण्यासारखं फारसं काही नसायचं. एका वादळी पावसात निम्म्या पिशव्या उडाल्या, हंगाम वाया गेला. निघायच्या दिवशी ती माझ्या आधीच उठून उतारावर गेली होती. मी मागून पोचले, तर अगदी वरच्या, कातळाजवळच्या झुडपाच्या बुंध्याला एक हिरवा दोरा. आमच्याकडे हिरवं रीळ नव्हतं. आणि गाठ निरगाठ होती.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

“वाडीतल्या बायकांनी बांधला असेल. नवसाबिवसाचा,” आत्या म्हणाली आणि पिशव्या गोळा करायला लागली.

मी हौसाबाईंना गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, “आमी बांदला तर वडाला बांदू, पोरी. मुरुडशेंगीला कोन बांदतंय?”

दोघींपैकी एक खोटं बोलत होती. मी हौसाबाईंवर विश्वास ठेवला. म्हणजे तो दोरा तिसऱ्या कुणाचा तरी, आत्याला काही कळवण्यासाठी बांधलेला, असा माझा निष्कर्ष. परतीच्या वाटेवर संगमनेरला ती पुन्हा “आलेच” म्हणून गेली तेव्हा तर खात्रीच झाली. मी मनात त्या माणसाला एक चेहराही देऊन टाकला होता.

आत्या गेल्याच्या बाराव्या दिवशी, पाहुणे परतल्यावर आई भांडी आवरता आवरता बोलली. शेवटच्या आठवड्यात नगरच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, की आत्याच्या छातीतली गाठ दोन वर्षांपूर्वीच संगमनेरच्या डॉक्टरांनी तपासली होती. भिंगारमध्ये चर्चा नको म्हणून वन्सं तिकडे जात होत्या. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणायच्या, हंगाम झाल्यावर. “आणि इथल्या डॉक्टरांना त्यांनी एकच विचारलं,” आई म्हणाली, “सप्टेंबरात डोंगर चढता येईल ना.” पप्पा तिथेच बसले होते. ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ नळ सोडून पाय धूत राहिले.

परवा तिची खोली आवरली. कपाटाच्या किल्ल्या, पानं दाबून वाळवायच्या फळ्या, कापडी पिशवीचा बंद, जिथे तिथे सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटत होतं. सगळी खोली अशी हलक्या हातानं सुटत गेली. शिवणाच्या डब्यात पांढरं, लाल, पिवळं रीळ होतं, आणि तळाशी, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं हिरवं. थोडाच दोरा वापरलेला.

म्हणजे ती बोलली ते निम्मं खरं होतं. दोरा नवसाचाच होता. ज्या बाईचा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या फुलावर विश्वास नव्हता, तिनं कुणी बघत नाही अशा वेळी एका झुडपाकडे आणखी एक हंगाम मागितला होता. आणि तेवढी एकच गाठ तिनं सुटू नये अशी मारली होती.

आई डबा बोहारणीला द्यायला निघाली होती. मी हिरवं रीळ आणि मलमल मागून घेतली.

“काय करणार आहेस त्याचं?”

“पिशव्या शिवीन म्हणते.”

“आणि गणपतीनंतर हॉस्टेलवरच असशील ना?”

मी रीळ पुन्हा मलमलीत गुंडाळलं. आई हातातला डबा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली, आम्ही सगळे आत्याकडे बघायचो तशी.