आंब्याचा रस चांगला होता

बायको गेल्यावर मुलानं नंदनवनचं घर विकलं आणि मला मनीषनगरातल्या एका वृद्धाश्रमात आणून ठेवलं. खाली स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली, वर आमच्या खाटा. नोकरीभर मी हिंगण्याच्या एका कारखान्याचं कँटीन सांभाळलं होतं, म्हणून की काय, इथंही माझी खुर्ची हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराशी सरकली. आश्रम चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांना ती खुर्ची तिथं खपत नव्हती.

माझ्या शेजारी उमरेडकडची एक म्हातारी बसायची. विणकरांच्या घरातली, तोंडात दात नाहीत, पण गोडावर जीव. मला ती भाऊ म्हणायची. तिची मुलगी हिंगण्याला एका कंपनीत पॅकिंगला होती. शिफ्टला जाताना गाडी फाटकाशी थांबवून आईसाठी काहीतरी देऊन जायची. मुलगाही नागपुरातच होता म्हणे, पण त्याचं तोंड आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं.

मे महिना होता. एका लग्नाच्या हॉलमधून उरलेलं जेवण संध्याकाळी आश्रमात आलं. मटर-पनीरचं मोठं पातेलं आणि भगोनाभर बासुंदी. मी स्वयंपाकीणबाईला म्हटलं, "आत्ताच वाढून टाका, नाहीतर फेका." ती म्हणाली, "मॅडमनं उद्यावर ठेवाले सांगितलं जी. लग्नघरचे लोक येऊन राहिले उद्या दुपारी. त्यांच्या हातानं वाढाचं हाय, फोटो काढाचे हाय." फ्रिजमध्ये जागा नव्हती. दोन्ही भांडी ओट्यावरच राहिली, वर ओलं फडकं टाकून. नागपूरच्या मे महिन्यात.

सकाळी भाजीवर बुडबुडे आले होते. वास मला खुर्चीवर बसल्या बसल्या आला. स्वयंपाकीणबाईनं आंबटपणा मारायला बासुंदीत सोडा टाकला, वरून साखर ओतली, आणि भाजीत गरम मसाला. माझ्याकडे बघायचं मात्र ती टाळत होती.

त्याच सकाळी म्हातारीची मुलगी आंब्याचा रस देऊन गेली. स्टीलचा डबा अजून गार होता. म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुमी बी घ्या न." आम्ही दोघांनी मिळून तो संपवला. बोटानं डबा पुसून तिनं बोट चाटलं.

दुपारी लग्नघरची मंडळी आली. नवरीचे वडील, दोन-चार बायका, एक फोटोवाला. आम्हाला भिंतीला पाठ लावून बसवलं. पहिला डाव भाजीत बुडाला तसा मी उठून उभा राहिलो.

"ही भाजी विटली आहे. रात्रभर बाहेर होती. कुणाला वाढू नका."

नवरीच्या वडिलांचा चेहरा लाल झाला. मॅडम हसल्या. "आमचे हे काका कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. रिटायर झाले, पण ड्यूटी काही संपत नाही त्यांची."

सगळे हसले. पाहुणे हसले, आणि भिंतीला टेकलेली आमची माणसंही हसली.

"काका, पाहुण्यांना सॉरी म्हणा बरं," मॅडम लहान मुलाशी बोलावं तशा म्हणाल्या. "म्हणा. सगळ्यांचं जेवण खोळंबलंय."

पलीकडून एक म्हातारा ओरडला, "तुम्हाले नाही खाचं तर नका खाऊ जी! आमच्या तोंडचं काहून काढून राहिले?"

मी सॉरी म्हणालो. नवरीच्या वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. मग मॅडमनी माझं ताट उचलून नेलं आणि सांगितलं, यांना आज फक्त वरण-भात, पोट नाजूक आहे यांचं.

मी खाली वाकून म्हातारीची वाटी धरली. "बासुंदी खाऊ नका." तिनं माझ्या हातावर चापट मारली. "सोडा जी. वर्षातून एकदा भेटते." ती वाटी तिनं संपवली आणि दुसरी मागून घेतली.

दिवस मावळायच्या आत उलट्या सुरू झाल्या. आधी माझ्यावर ओरडलेला तो म्हातारा, मग बायकांच्या खोलीतल्या निम्म्याअधिक. मॅडमनी सगळ्यांना ऊन लागलं असं ठरवलं आणि मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं. डॉक्टरला बोलवा म्हटलं, तर म्हणाल्या, "काका, तुम्ही वर जाऊन पडा." घाण वास समोरच्या खोलीपर्यंत येतो म्हणून जास्त झालेल्या तिघींना मागच्या सामानाच्या खोलीत हलवलं. तिथं कूलर नव्हता. म्हातारी त्यातच होती. सकाळी मी पाहायला गेलो तेव्हा तिची जीभ लाकडासारखी कोरडी होती आणि कुणीतरी तिचं लुगडं काढून नुसती चादर टाकली होती, धुवायला कमी पडावं म्हणून. मला तिनं ओळखलं नाही. दुपारी तिला दवाखान्यात नेलं. तिथं पोचायच्या आत ती गेली.

बाकीचे वाचले.

तिचा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा आश्रमात आला. मॅडमनी त्याला आणि बहिणीला जेवणाच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि शांतपणे सांगितलं, "सकाळी बाहेरून आंब्याचा रस आला होता. या दिवसांत रस लगेच नासतो. आम्ही काय करणार?"

भाऊ बहिणीकडे वळला. "काहून आणला वं तू रस? तूच मारलं मायले!"

कंपनीचा निळा कोट अजून तिच्या अंगात होता. मी दारातून म्हणालो, "अर्धा रस मी खाल्ला आहे. मला काही झालं नाही. आणि ज्यांनी रस पाहिलासुद्धा नाही, ते ओकत पडले होते."

"त्यांना ऊन लागलं होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमची पचनशक्ती चांगली आहे, काका."

मी भावाला बाजूला घेऊन बासुंदीचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता चिरफाड करून काय फायदा जी? माय तं गेली. जाऊ द्या." बहिणीला दोष देणं त्याला सोयीचं होतं. आईला भेटायला तो कधी आला नाही, हे आता कुणी विचारणार नव्हतं.

संध्याकाळी मॅडमनी माझ्या मुलाला फोन लावून स्पीकरवर टाकला. "बाबा," तो बंगळूरहून म्हणाला, "दुसरी जागा सापडेपर्यंत गप्प बसता येईल का? प्लीज." मग मॅडमना म्हणाला, "सॉरी मॅडम, वयामुळे होतं असं." त्या दिवसापासून माझं ताट वर खोलीत येतं. गार झालेलं येतं.

मुलगी नंतर आईची पिशवी न्यायला आली, तेव्हा फाटकावर नवी पाटी लागली होती: बाहेरचे अन्न आणू नये, आपल्या प्रेमाने आपल्याच माणसाचा जीव जाऊ शकतो. ती पाटीसमोर उभी होती. मी काठी टेकत खाली उतरलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पातेलं, फडकं, सोडा, मागची खोली.

"खरं सांगून राहिले न काका? का माह्यं मन राखून राहिले?"

"मुलाची शपथ."

"पण मॅडम तं म्हणत होत्या..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "भावानं तेरवीले येऊ नको म्हणून सांगितलं."

माझा नंबर ती घेऊन गेली. अधूनमधून तिचा फोन येतो, बहुतेक जेवणाच्या सुट्टीत. मागे बायकांचं बोलणं ऐकू येतं, डबे उघडल्याचा आवाज येतो. तब्येत कशी आहे, ऊन फार आहे, असं दोन मिनिटं बोलते. मग आवाज खाली आणून विचारते, "काका, रसाले वास तं नव्हता न?" मी नव्हता म्हणतो. "बरोबर आठवते न तुम्हाले?" आठवतं म्हणतो. मग ती फोन ठेवते.