अकरावी सुई

माझी मावशी कापडाची पाखरं करायची. कुणी त्यांना खेळणी म्हटलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "खेळणी मोडतात, माझी पाखरं घरात नांदतात," असं ती सुनावायची. आत तार, तारेवर चिंध्या, त्यावर कापूस आणि वरून लोकरी कापड. तिचा बगळा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा केला की पाहुणे आधी त्याच्याकडेच बघायचे. रंग ती डोळ्यांनी निवडायची, बाकी सगळं बोटांनी. मानेचा बाक, पंखाची जाडी, सगळं चाचपून.

काम उरकलं की ती अकरा सुया मोजायची, मगच चहा. "हरवलेली सुई हाक मारत नाही," म्हणायची.

त्या वर्षी पांढऱ्या कापडावर बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले.

"मावशी, टोचलं का गं?"

"कधी? मला नाही कळलं."

"गेंड्याचं कातडं झालंय तुझं!" मी म्हणाले, आणि आम्ही दोघी खो खो हसलो. ते हसणं मला अजून छळतं.

एका दुपारी कोपऱ्यावरच्या शिक्षिकेकडे बगळा पोचवला. चार महिन्यांचं काम होतं ते. संध्याकाळी मावशीने सुया मोजल्या. दहा. पुन्हा मोजल्या, दहाच. लोहचुंबक फिरवून फरशी धुंडाळली, काही नाही.

"रांगतं पोर आहे गं त्या घरात!" मावशीची पाचावर धारण बसली. चप्पल अडकवून, कात्री उचलून ती अशी सुटली की मला धापा टाकत मागे पळावं लागलं.

दारात चप्पल काढून ती आत घुसली. पोराने बगळ्याची चोच तोंडात धरली होती. मावशीने बगळा हिसकला, कात्रीने पोट फाडलं, कापूस पिंजून पिंजून पाहिला. पोर भोकाड पसरून रडत होतं, शिक्षिका ओरडत होती. सुई नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शिक्षिकेने पोराला उचलून उलटंपालटं केलं. "हे रक्त कुणाचं?"

दारापासून बगळ्यापर्यंत फरशीवर लाल ठिपके होते. पावलागणिक एक.

मी खाली बसले आणि मावशीची टाच वळवली. सुई आत रुतली होती, फक्त नेढं बाहेर, त्यात पांढरा दोरा लोंबत होता. मी दात आवळून ती उपसली. मावशी पोराकडेच बघत होती.

"मिळाली का गं?" तिने विचारलं.

मी सुई दाखवली. ती कुठून काढली तेही सांगितलं. ती टाचेकडे बघत राहिली, मग स्वतःच्या बोटांकडे. खुर्चीत बसून तिने डोळे मिटले आणि उजवा हात माझ्यापुढे केला.

"टोच. कुठलं बोट ते मी सांगते."

मी तीच सुई टोचली. तर्जनीवर रक्ताचा थेंब आला.

मावशी डोळे मिटून वाट बघत होती.

"टोच ना गं," ती म्हणाली.