नाव घेऊन केलेली प्रार्थना

चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव भिंगरी ठेवलं. ते इतकं चपखल बसलं, की त्याचं खरं नाव विचारलं असतं तर मंडळीतले निम्मे लोक बुचकळ्यात पडले असते. चोविशीतला हा किडकिडीत मुलगा देवाचं काम करायला समुद्र ओलांडून आला होता आणि एका जागी बसलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. चहा तो उभ्यानं प्यायचा. उपासनेचं शेवटचं गीत संपायच्या आत खुर्च्या मिटायला उठायचा. "आधी बूड टेक रे बाबा, मग जगाचं तारण कर," असं पाळकीणबाई म्हणायच्या. तो हसायचा आणि जिना उतरायला लागायचा.

खरं सांगायचं तर बिचाऱ्याचा भ्रमनिरास झाला होता. मिशनरी म्हणून परदेशी जायचं म्हणजे कायकाय होईल, याची चित्रं त्यानं घरी बसून रंगवली होती. इथे आल्यावर त्याच्या वाट्याला चर्च म्हणून आली टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. लोखंडी खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या, आणि खालून येणारा रबराचा वास. वर्षभर घोकून शिकलेली इथली भाषा बोलायला तो दारोदार हिंडायचा. लोक दार किलकिलं करायचे, सगळं नीट ऐकून घ्यायचे, "बरं, बघू" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. शिव्या घातल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. आपण इथे नेमकं कशाला आलो, या प्रश्नानं त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

त्यातून त्याला सगळ्यात जास्त खटकायच्या त्या इथल्या प्रार्थना. पाळकसाहेब वयस्कर, मवाळ माणूस. ते डोळे मिटून म्हणायचे, "हे प्रभू, आजाऱ्यांना बरं कर, दुःखितांचं सांत्वन कर." झालं. कोण आजारी, कोण दुःखी, पत्ता नाही. भिंगरीच्या घरच्या मंडळीत असलं मोघम काम चालत नसे. तिथे कुणाच्या मूळव्याधीपासून कुणाच्या मोडत आलेल्या संसारापर्यंत सगळं नावानिशी, खड्या आवाजात देवापुढे मांडलं जाई. आणि दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी डबा घेऊन त्या माणसाच्या दारात हजर. लाजायचं कशाला? ज्याच्यावर माया, त्याचं नाव घ्यायचं, हे तो आईच्या मांडीवर शिकला होता. इथली माणसं कोमट आहेत, असं त्याचं मत झालं. चोविशीत मतं लवकर होतात.

मंडळीत एक शिंपीणबाई होत्या. विधवा, पन्नाशी उलटलेल्या, बोलायला कमी. त्यांचं छोटंसं दुकान होतं. नवे कपडे शिवायचं काम फारसं नाही. चेन बदलणं, पँट आखूड करणं, फाटलेलं रफू करणं, असलीच कामं. इथे आल्यापासून भिंगरीच्या पँटी कमरेत सैल झाल्या होत्या, म्हणून तो त्यांच्याकडे गेला. बाई तोंडात टाचण्या धरून त्याच्या कमरेला कापड चिमटत होत्या आणि हा अखंड बडबडत होता. घर, आई, बहीण, सगळं झालं. मग मंडळीत ऐकलेलं आठवून सहज विचारलं, "मावशी, तुमचा मुलगा बोटीवर असतो ना? येतो कधी?"

बाईंनी एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचली.

"बोटीवर नाही," त्या म्हणाल्या. "तुरुंगात आहे. दारू पिऊन ट्रक चालवला. एक माणूस गेला." मग मशीनकडे वळून, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्ही देवाची माणसं. माझ्या पोरासाठी प्रार्थना करा."

भिंगरीला गहिवरून आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे काही मागितलं होतं. कुणाला सांगू नका, असं बाई म्हणाल्या नाहीत. ते वेगळं सांगायला हवं असं त्यांना वाटलंच नसणार. आणि याच्या घरी "प्रार्थना करा" याचा अर्थ एकच होता.

रविवारी पाळकसाहेबांचा घसा बसला होता. त्यांनी प्रार्थना भिंगरीवर सोपवली. पठ्ठ्यानं डोळे मिटले, हात जोडले आणि देवाला सगळं सांगून टाकलं. शिंपीणबाईंच्या मुलाचं नाव घेतलं, बापाचं नाव जोडलं, तुरुंग सांगितला, दारू सांगितली, ट्रक सांगितला. "प्रभू, या आईनं किती काळ हे ओझं एकटीनं वाहिलं, तूच जाणतोस," असंही म्हणाला. मनापासून केलेली प्रार्थना होती ती, त्यात खोट नव्हती.

त्यानं डोळे उघडले तेव्हा सगळ्यांचे डोळे आधीच उघडे होते आणि ते शिंपीणबाईंकडे वळले होते. बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. पाळकीणबाईंनी घाईघाईनं गीत सुरू केलं, तेही भलत्याच पट्टीत. उपासना संपेपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. मग स्वतःची खुर्ची मिटली, रांगेत लावली आणि जिना उतरून गेल्या.

"पण मी देवालाच सांगत होतो!" भिंगरी पाळकसाहेबांपुढे कळवळून म्हणाला.

"देवाला माहीत होतं," पाळकसाहेब बसक्या आवाजात म्हणाले. "तू कुणाला सांगत होतास, ते बघ."

हे त्याच्या वर्मी लागलं. त्याला लगेच धावत जाऊन बाईंचे पाय धरायचे होते. पाळकसाहेबांनी अडवलं. "थोडे दिवस जाऊ देत. तुला माफी मिळावी म्हणून तिला आणखी छळू नकोस." हे शहाणपण भिंगरीच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वारी दुकानात.

"कपडे आणलेत?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"नाही. मी..."

"मग दुकानात गर्दी करू नका."

दुकानात चिटपाखरू नव्हतं. एरवी शिवून झालेल्या कपड्यांनी भरलेला दांडा अर्धा मोकळा होता; कुणीकुणी अर्धवट कामासकट आपलं कापड परत नेलं होतं. तो रोज जायला लागला. समोरच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालायचा, आत डोकवायचा, परत यायचा. जेवायला बसला की उठायचा, गादीवर पडला की उठायचा. पुढच्या रविवारी बाईंची खुर्ची रिकामीच राहिली, आणि बायबलमधलं वचन कुठलं वाचलं गेलं हेही त्याला सांगता आलं नसतं. माझ्यामुळे एका बाईचं देवाशी नातं तुटलं, हे त्याच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

शेवटी त्यानं आपल्या एकुलत्या एका कोटाचं अस्तर उसवलं आणि तो घेऊन दुकानात गेला.

बाईंनी कोट उलटा केला, शिवण बोटानं चाचपली. "हे उसवलेलं नाही. ब्लेडनं कापलंय."

भिंगरी कानापर्यंत लाल झाला.

"तेही वाकडं," बाई म्हणाल्या. "ठेवा. शनिवारी या, लवकर."

शनिवारी तो पोहोचला तेव्हा बाई बाहेर जायचे कपडे करून शटर ओढत होत्या. शिवलेला कोट त्यांनी त्याच्या अंगावर टाकला आणि एक फुगलेली पिशवी हातात दिली. "चला. मला हल्ली उचलवत नाही."

कुठे, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या. शहर मागे पडल्यावर आपणहून बोलल्या. "इतकी वर्षं कापड आणायला जाते म्हणून सांगत आले. आज बेकरीवाली रस्त्यापलीकडून ओरडली, मुलाला भेटायला निघालात का? हो म्हटलं. काय करणार?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमचा इतका राग आला होता, की सुई टोचून घेतली हातात. दोनदा."

"चुकलो मी, मावशी."

"चुकलातच."

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत जमिनीला ठोकलेली टेबलं होती. मुलगा आला. तिशीचा, अंगानं सुटलेला, भुवया थेट आईच्या. आईनं पिशवीतले गरम कपडे पहारेकऱ्यापुढे उलगडून दाखवले. मुलानं भिंगरीकडे मान वळवली.

"हे आपल्या मंडळीतले," बाई म्हणाल्या.

मुलाचा चेहराच बदलला. तो पुढे सरकला. "मंडळीतले? बरं झालं आलात. मला सगळ्यांना सांगायचंच होतं. दर रविवारी माझं नाव घेता ना तुम्ही लोक, आई येते तेव्हा सांगते. कोण काय म्हणालं, तेही सांगते. रविवारी सकाळी मी इथे बसून असतो. म्हणतो, आत्ता घेत असतील. एवढ्यावर आठवडा निघतो बघा."

बाई टेबलाकडे बघत होत्या. त्यांचे हात कपड्यांची घडी घालत होते आणि तीच घडी पुन्हा मोडत होते.

भिंगरीच्या आता लक्षात आलं. बाहेर बाईंनी मुलगा बोटीवर धाडला होता, आणि आत मुलाला त्याच्यासाठी प्रार्थना करणारी एक सबंध मंडळी शिवून दिली होती. टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत, त्या खुर्च्यांवर, या माणसाचं नाव आजवर एकदाच उच्चारलं गेलं होतं.

"घेता ना?" मुलानं पुन्हा विचारलं. तो धास्तावला होता.

"घेतलं," भिंगरी म्हणाला. "मी स्वतः घेतलं. मोठ्यानं. एकूण एक माणूस ऐकत होता."

मुलानं तळहातानं डोळे पुसले. आईनं घडी खाली ठेवली.

परतीच्या बसमध्ये बाई म्हणाल्या, "उद्या रविवार."

"मी घेईन नाव. प्रत्येक रविवारी घेईन."

"तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "मी घेईन. तुम्ही आमेन म्हणा."

रविवारी बाई आल्या. कुणी नजर चुकवली, कुणी उगाच गोड हसलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सुरुवात करायच्या आत त्या उभ्या राहिल्या. मंडळीत त्यांचा आवाज असा कुणी ऐकलाच नव्हता. त्यांनी मुलाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आणि क्षणभर थांबल्या. भिंगरीनं आमेनसाठी तोंड उघडलं होतं. बाईंचं संपलं नव्हतं. त्यांनी आणखी एक नाव घेतलं, मग एका बाईचं, मग एका लहान मुलीचं. मंडळीतल्या कुणाच्याही ओळखीची नव्हती ती नावं. "ट्रकखाली गेला तो," बाई म्हणाल्या, "आणि त्याच्या मागे राहिलेल्या या दोघी."

भिंगरी उघड्या तोंडानं उभा राहिला. इतके दिवस तो या एका गोष्टीपायी तळमळत होता, आणि त्या गेलेल्या माणसाचं नाव काय, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.