टाचेखालचं बूच: मुळशीच्या पाण्यावर एक मुक्काम

बोटीत झोपायला जायचं मी ठरवलं नव्हतं. ते ठरवलं माझ्या सासूबाईंनी, आणि त्यांना बोट म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

साल साठ-एकसष्टचं असेल. आम्ही नेऱ्यात, मुळशी तालुक्यातलंच गाव. दोन खोल्या, एक सोपा आणि माणसं अकरा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण नवऱ्याशी माझं बोलणं "पाणी तापलंय" आणि "भाकरी वाढू का" यापुढं गेलं नव्हतं. पुढं जायला जागाच नव्हती. आमचे हे विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनांचे मिस्त्री. गावात काम पुरेना, म्हणून मुंबईला एका गॅरेजात जायचं जवळजवळ ठरलं होतं. जाणार ते एकटे. मी मागं, सासूबाईंच्या हाताखाली.

तेवढ्यात मुंबईच्या एका साहेबांचा निरोप आला. साहेबांनी जुनी मोटारबोट विकत घेतली होती, ती मुळशीच्या धरणात सोडायची होती. इंजिन चालू करून दाखवलं आणि बोट साहेबांच्या मनासारखी पळाली, तर हंगामभर देखभालीचं काम. म्हणजे मुंबई टळली.

"चार दिस तितं उपाशी इंजिन खोलंल व्हय हा?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. "हिला घिऊन जा. हितं तरी काय उजेड पाडतीय."

"आये, तितं बोटीवर ऱ्हायचंय," हे म्हणाले.

"मग बोटीवर चूल मांडंल ती."

त्यांना वाटलं, बोट हे एखाद्या वस्तीचं नाव असावं. आम्ही दोघांनीही खुलासा केला नाही.

आता तुम्ही चारचाकीत बसता आणि तासाभरात धरण दिसतं. आम्हाला दिवस लागला. घोटवड्यापर्यंत शेजाऱ्यांची बैलगाडी, पुढं पौडपर्यंत पायी. हे पुढं हत्यारांची पिशवी घेऊन, मी मागं डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन, मधे वीस हात अंतर. पौडला एसटीच्या थांब्यावर गाडीची वाट बघत दुपार गेली. सोबत तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी होती. तुम्ही गेलात तर हेच न्या. सुकटीचा वास आला की गाडीत शेजारी कुणी चिकटून बसत नाही. तिकीट आठ आणे होतं की दहा, ते आठवत नाही. कंडक्टरनं सुट्या पैशांसाठी ह्यांना झापलं आणि ह्यांनी ऐकून घेतलं, ते आठवतं. मला राग आला होता. माझ्या मनात आलं, हा माणूस मुंबईत दोन दिवस टिकायचा नाही.

गाडीतून उतरलो आणि समोर पाणी. दिवाळी होऊन गेलेली, धरण काठोकाठ. डोंगर वरून खाली येता येता मधेच पाण्यात शिरलेत, असं वाटलं. पाण्याखाली गावं आहेत हे आमच्याकडं पोराटोरांना माहीत असतं, त्यावर मी काही लिहीत नाही. ज्यांची गेली त्यांना विचारा.

बोट बघितली आणि मला हसूच आलं. एवढा गाजावाजा, आणि आमच्या बैलगाडीपेक्षा जेमतेम दीडपट लांब. पण देखणी. लाकूड असं घासूनपुसून चकचकीत केलेलं की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. पुढं निमुळतं टोक, मोटारीसारखं चाक, दोन गुबगुबीत बैठका, मधे झाकणाखाली इंजिन. साहेबांच्या ट्रकनं ती सकाळीच आणून पाण्यात सोडली होती, आणि आता तिच्या तळाशी घोटाभर पाणी साचलं होतं.

काठावर साहेब उभे. गोरे, उंच, डोळ्यांवर काळा चष्मा.

"मिस्त्री, हे काय? फळ्याफळ्यांतून पाणी येतंय. मला ही बोट कोणी गळ्यात मारली का?"

ह्यांना इंजिनाचं कळत होतं, बोटीचं नाही.

"उद्या सकाळी दहाला मी बंगल्यावरून येतो. दुपारी पाहुणे येणार आहेत. तोवर पाणी थांबलं नाही, तर बोट ट्रकवर चढवायची आणि परत मुंबई."

बोट मुंबईला म्हणजे हेही मुंबईला. साहेब गेले. हे डोक्याला हात लावून काठावर बसले, फटींत भरायला डांबर कुठं मिळेल याचा विचार करत.

मी वाकून फळ्यांवरून बोट फिरवलं. दोन फळ्यांमधे नख जात होतं.

"किती दिस कोरडी पडली हुती ही?"

"वरीस झालं म्हणं. शेडमंदी."

"मग ती फुटली न्हाई. वाळलीय." उन्हाळ्यात गाडीचं चाक वाळतं, आरे खुळखुळतात, चाकावरची लोखंडी धाव सैल होते. मग आपण चाक ओढ्यात टाकून ठेवतो. रातभर पाणी प्यालं की लाकूड फुगतं आणि सगळं घट्ट बसतं. "ऱ्हाऊ द्या तिला पाण्यात. आपण निसतं उपसत बसू."

"ही बोट हाय. बैलगाडी न्हाई."

"लाकूडच हाय न्हवं?"

हे माझ्याकडं बघत राहिले. दोन वर्षांत इतका वेळ पहिल्यांदाच. मग म्हणाले, "डबा आन."

बोट दोरीनं काठावरच्या खोडाला बांधलेली, कमरेएवढ्या पाण्यात. हे आत बसून पत्र्याच्या डब्यानं उपसू लागले. मी काठावर तीन दगड मांडून भात टाकला. वाडीवरची एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती, ती थांबली.

"घरात जागा न्हाई व्हय गं? पाण्यात बिऱ्हाड थाटलंय."

"घरात सासू हाय," मी म्हटलं, "हितं निसतं पाणीच हाय."

ती इतकी हसली की तिला मोळी उतरवावी लागली. जाताना तिनं मूठभर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, दिले. त्या मी निखाऱ्यात भाजल्या. तसलं जेवण मला नंतर कुठल्या हाटेलात मिळालं नाही. नात मला धरणावर घेऊन गेली होती तिथं तर नाहीच.

आता झोपायचं. बोटीच्या टोकाखाली बिळासारखी जागा होती, सामान ठेवायची. पाय आत घालायचे, डोकं बाहेर. एकानं कूस बदलली की दुसऱ्याला बदलावी लागे. थंडी अशी की ह्यांनी टोपी कानांवर ओढलेली. खाली पाणी सारखं फळीला थापटत होतं. आळीपाळीनं उठायचं, उपसायचं, परत आत शिरायचं. कुणाला अशा बोटीत मुक्काम करायची हौस असेल त्यांना सांगते, गोधडी दोन न्या, आणि ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस न्या.

आम्ही बोललो. इंजिनाचा आवाज ऐकून आजार कसा ओळखायचा ते ह्यांनी सांगितलं. मी माहेरच्या नदीत बैल धुवायला कशी उडी मारायची ते सांगितलं. मग हे म्हणाले, "मला पवायला येत न्हाई."

"आन बोटीची नोकरी?"

"मुंबईला जायचं न्हाई मला," एवढंच म्हणाले. का, ते मी विचारलं नाही. इतक्या जवळ झोपल्यावर विचारायचं काय.

फटफटायला लागलं तेव्हा मी फळ्या चाचपल्या. नख जाईना. तळाशी पाणी होतं ते जुनंच, नवं येत नव्हतं. माझं चाक फुगलं होतं. हे डब्याला टेकून झोपले होते, उठवलं नाही. म्हटलं, साहेब यायच्या आत बोट लख्ख करावी. लुगड्याचा ओचा खोचला आणि घरची न्हाणी धुवावी तशी ती घासली. धरणाचं पाणी ओतून चिखल, शितं, शेंगांची टरफलं सगळं मागच्या कोपऱ्याकडं लोटलं.

आता हे पाणी घालवायचं कुठून? मागची फळी उचलली तर खाली अगदी तळाशी एक भोक, आणि त्या भोकाला पितळी बूच. मला बोट करणाऱ्या सुताराचं कौतुक वाटलं. आमच्या न्हाणीच्या मोरीला चिंध्यांचा बोळा असतो. बोळा काढला की पाणी जातं. इथं पितळी बोळा. मी तो फिरवून फिरवून काढला आणि बोटीच्या कडेवर ठेवला.

पाणी गेलं नाही. आलं. मनगटाएवढी धार माझ्या पोटरीवर आदळली. मी दचकले, बोट कलली, आणि कडेवरचं बूच टुपकन धरणात.

मी भोकावर टाच दाबली आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला मोठ्यानं हाक मारली. "अहो, उठा. मोरी फुटली."

हे उठले, पाणी बघितलं, इंजिनाकडं बघितलं. इंजिनात पाणी शिरलं की सगळं संपलं. शिवी देतील म्हणून मी मान खाली घातली. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिची सुरळी केली आणि म्हणाले, "टाच काढ." मी काढली, ह्यांनी टोपी कोंबली. धार थांबली, झिरप राहिली. मग दोघंही उपसायला. इंजिनाच्या चार बोटं खाली पाणी आलं होतं.

बूच शोधायला मी पाण्यात उतरून पायांनी चिखल चाचपला. एक शिंपला आणि एक फुटकी बाटली मिळाली.

कालची मोळीवाली परत आली ती त्या वेळी. "आज काय आंगुळ का?" मी तिच्याकडं वाळल्या लाकडाचा तुकडा मागितला. ओला नको, वाळलेला, पाणी प्यायला भुकेला. ह्यांनी त्याची खुंटी तासली, टोपी तिच्याभोवती गुंडाळली आणि दगडानं ठोकून बसवली. घटकाभरानं झिरपही थांबली.

"साहेबाला काय सांगायचं?" मी विचारलं.

"बघू."

साहेब दहाला आले. आत वाकून बघितलं, कोरडं. खूश झाले. मग मागची फळी उचलली आणि खुंटी बघितली.

"हे काय आहे?"

"बूच माज्या हातनं पडलं, साहेब," हे म्हणाले. "धुताना."

मी तोंड उघडलं तर ह्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी मिटलं.

साहेबांनी चष्मा काढला. "टिकेल?"

"टिकंल."

"मग बस माझ्याशेजारी. सुटली तर आपण दोघंही बुडू."

हे पांढरे पडले. बोडकं डोकं, पोहायला येत नाही, आणि चढायला पाय उचलला. ते बघून मी काही विचार केला नाही. मी पाण्यात उतरले आणि मागच्या बाजूनं बोटीत चढले.

"बाई, तुम्ही कुठं?"

"खुंटीवर पाय द्यायला कुणीतरी पायजे, साहेब. आन ह्यांस्नी पवायला येत न्हाई."

साहेबांनी ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, इंजिन चालू कर."

पुढचं मी काय सांगू. बोटीचं नाक वर उठलं आणि मी मागं आपटले, पण टाच हलवली नाही. पाणी काचेसारखं दोन्ही बाजूंना फाटत होतं. ताम्हिणीच्या बाजूचे डोंगर अंगावर धावून येत आणि शेजारून निघून जात. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी. पदर मी दातांत धरलेला, एका हातानं बैठक, दुसरा हात पुढं ह्यांच्या सदऱ्याच्या पाठीत मुठीनं आवळलेला. एसटीत मला मळमळतं. इथं नाही. मला तर साहेबांनी अजून जोरात हाकावं असं वाटत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही, आता सांगतेय.

परत काठाला आलो तेव्हा टाचेला खुंटीचा वळ पडला होता. खाली थेंब नव्हता.

"पितळी बूच मी मुंबईहून पाठवीन," साहेब म्हणाले. "तोवर हेच राहू दे. मिस्त्री, हंगामभर काम तुझं." पितळी बूच आलंही, पण खुंटी इतकी फुगली होती की हंगाम संपून बोट वाळेपर्यंत निघाली नाही.

दोन दिवसांनी ह्यांचे कपडे घ्यायला आणि मला पोचवायला म्हणून दोघं नेऱ्याला आलो. घोटवड्यापासून चालताना मधलं अंतर वीस हात नव्हतं, दोन हात होतं. वाटेत बायका बघत होत्या, बघू देत म्हटलं.

ओट्यावर आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. लेक बोडक्या डोक्यानं येताना दिसला आणि त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. आमच्याकडं गडीमाणूस बिनटोपीचा घरी आला की एकच अर्थ.

"कोण गेलं रं दत्तू?" म्हणून त्यांनी हंबरडाच फोडला. शेजारच्या दोघी धावत आल्या.

"कोण न्हाई गेलं, आये. टोपी वाऱ्यानं उडाली. लई जोरात पळती बोट."

आत्याबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडं रोखून बघितलं. "आन हिचा पदर बरा ऱ्हायला डोस्क्यावर?"

आम्ही दोघंही तांदूळ गोळा करायला खाली बसलो.

त्या हंगामात मी चार वेळा डबा द्यायला म्हणून गेले आणि चारही वेळा मुक्काम केला. बोट साहेबांनी पुढं विकली. मुंबईला हे गेले नाहीत, पौडात इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं. नेऱ्याच्या घरावर आता तीन मजले आहेत, खोल्या भाड्यानं दिल्यात, भाडेकरू रात्रंदिवस मोबाईलवर बोलतात. धरणावर हल्ली झोपायला पक्क्या खोल्या आहेत, गाद्या आहेत. जाऊन या. चिंबोऱ्या मात्र मागून घ्या, ताटात आपणहून येत नाहीत.

बूच कुणाच्या हातून पडलं ते आत्याबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या मला कशावरूनही बोलायला लागल्या, की हे जिथं असतील तिथून माझ्याकडं बघायचे आणि डोक्यावरची टोपी चाचपायचे, जागेवर आहे ना म्हणून. मग मला खाली मान घालून हसू दाबावं लागे, आणि आत्याबाईंना वाटे, सून ऐकून घेतेय.