डावखुरं खळं

प्रदीपचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात मिरच्या निवडत होते. "ताई, आई गेली..." एवढंच म्हणाला. त्याची आई म्हणजे माझी काकी. बसल्या जागी गेली, हातात चहाचा कप होता. तिच्या घरी धारगळला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं, आता माणसं जमतील आणि काकीच्या खळ्यावरून चपला घालून चालतील. असल्या वेळी असलं सुचावं याची लाजही वाटली. पण काकीचं खळं, म्हणजे तिचं अंगण, ज्यांनी पाहिलंय ते मला दोष देणार नाहीत. पावसाळा सरला की ती माती घालायची, चोपण्याने, म्हणजे लाकडी थापीने, बडवायची आणि शेणाने असं सारवायची की सांडलेला भात उचलून खावा. माझी आई मी लहान असतानाच गेल्याने मला काकीनेच वाढवलं, त्यामुळे माझं माहेर म्हणजे ती आणि ते खळं.

सहा वर्षांपूर्वी श्रावणात ती चिऱ्याच्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं काही उघडेनात. प्रदीप, तिचा मुलगा, खळ्यावर सिमेंटचे पेव्हर घालूया म्हणून कधीचा मागे लागला होता, त्याला आयतंच निमित्त मिळालं. तुळशीचं लग्न झालं की काम सुरू, असं ठरलं. "घाल बाबा," काकी म्हणाली आणि चोपणं माळ्यावर टाकून आली. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा ती पडवीत खळ्याकडे पाठ करून बसायची.

त्याच दिवसांत शेजारच्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, शाळेत ब्राझीलहून दहाबारा मुलं आली होती, पंधरा-सोळा वर्षांची, त्यांच्या चर्चतर्फे सेवेसाठी. वर्ग रंगवायचे, लहानांना गाणी शिकवायची आणि दोन आठवड्यांनी परत. मी शिक्षिका, जन्माची शंकेखोर. ही पोरं दोन आठवड्यांत आमचं काय भलं करणार, असं मी तिथल्या फादरांना तोंडावर विचारलं. ते नुसते हसले. त्यांतल्या लुईझाला दुसऱ्याच दिवशी रंगाच्या वासाने दमा उसळला. डॉक्टरांनी रंगाजवळ फिरकायची बंदी केली, म्हणून फादरांनी तिला दिवसा काकीच्या पडवीत आणून बसवलं. पोर खांबाला टेकून रडत होती. मोडक्या इंग्रजीत मला म्हणाली, गावातल्या सगळ्यांनी प्रार्थना करून पाठवलंय मला, आणि इथे मीच लोकांकडून सेवा करून घेतेय. कोणत्या तोंडाने परत जाऊ?

"ह्या चेडू रडता कित्याक?" काकीने विचारलं. मी सांगितलं. "इतक्याच? आदी पेज खा म्हण तिका, निवता." पुढे त्या दोघींचं माझ्यावाचून अडेना. काकी जनेल म्हणाली की पोर खिडकी उघडायची, बाल्द म्हणाली की बादली आणायची. पोर्तुगिजांनी आमच्या घरात टाकलेले शब्द तिच्याही घरात होते.

चौथ्या दिवशी लुईझाने विचारलं, अंगण असं उखडलेलं का? मी कारण सांगितलं तशी उठलीच. मला दाखवा, मी करते. "पावण्या चेडवान शेणात हात घालूचो?" काकी म्हणाली खरी, पण तिचे डोळे बदललेले मी पाहिले. चोपणं माळ्यावरून खाली आलं. दोन दिवस आम्ही दोघी ओली माती बडवत होतो आणि काकी पायरीवर बसून हुकूम सोडत होती. सारवायची वेळ आली आणि लुईझाने शेणात घातला तो डावा हात. "डावो न्हय गो!" काकी ओरडली. तुळशीपुढे डावा हात म्हणजे काय... पोरीने बिचारीने उजव्याने करून पाहिलं, नुसते गोळे झाले. तिचा चेहरा पडला. काकीने तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "रवांदे. तिच्या देवान तिका तोच दिलो." तुळशीभोवतीचं सारं त्या पोरीने सारवलं. उजव्या हाताने सारवताना उमटणाऱ्या आमच्या कमानी एकीकडे कलतात, तिच्या दुसरीकडे. काकी वाकवाकून बघत राहिली.

निघताना लुईझाने काकीचा आखडलेला हात धरून विचारलं, प्रार्थना करू का? "कर गो बाय. देव तुजो, हात माजो. बघूया जमता काय." पोर डोळे मिटून पुटपुटली. उजवा हात काही बरा झाला नाही, हे आधीच सांगून टाकते.

पण आठवडाभराने पाहते तर काकी एकटीच खळ्यात उकिडवी, डाव्या हाताने सारवतेय. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तां चेडू करता, माका जमाक काय झालां?" पेव्हर घालायचे राहूनच गेले. त्यानंतर दर वर्षी खळं तिनेच सारवलं, डाव्या हाताने, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवलं.

लुईझाचा दर नाताळला निरोप यायचा. एकदा तिने लिहिलं होतं की तुमच्याकडे माझ्या हातून काहीच झालं नाही, पेज तेवढी खाल्ली. काकी आता डाव्या हाताने सारवते हे तिला कळवायचं माझ्याकडून राहत गेलं... निव्वळ आळस, दुसरं काही नाही.

बाराव्याच्या आदल्या दिवशी खळं सारवायचं होतं. माणसांच्या पायांनी कमानी पुसल्या होत्या, तुळशीमागे हातभर तुकडा तेवढा शाबूत होता. मी त्याचा फोटो काढून लुईझाला पाठवला आणि काकी गेल्याचं कळवलं. तिने लगेच फोन केला. रडत होती. मग फोटोतल्या कमानी बघून एकदम विचारलं, तुमच्या घरात डावखुरं कोण आहे? मी सगळं सांगितलं. मग ती रडता रडता हसली. "म्हणजे मी प्रार्थना केली एका हातासाठी आणि लागली दुसऱ्याला."

प्रदीप शेजारीच उभा होता, त्याला मी ते मराठीत सांगितलं. त्याने पँट दुमडली, बाल्द भरून आणली आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. तुळशीमागचा तुकडा आम्ही तसाच ठेवला आणि त्याला लावून सारवायला घेतलं, दोघांनीही डाव्या हाताने. फार वाईट झालंय. काकीने पुन्हा करायला लावलं असतं.