एका रांगेचा तबेला

घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरांना 'बघू' म्हणताना कधी कुणी ऐकलं नव्हतं. जोडे घ्यायचे असोत की जावई पसंत करायचा असो, एका नजरेत निकाल. नव्या तबेल्याचा निकालही कधीच लागलेला होता: मधून रुंद वाट, दोन्ही बाजूंना समोरासमोर घोडे, वर उंच छप्पर. हे स्वप्न त्यांनी तरुणपणापासून उराशी बाळगलं होतं.

पण यंदा मास्तर जिन्यावरून घसरले आणि उजवा खांदा कामातून गेला. बादली उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगा जहाजावर नोकरीला. लीद काढायला दिवसातून एकदा माणूस येऊन जायचा, पण चारापाण्याचं बघायला घरात उरली एकटी सून. तिने अंगावर घेतलं तर ठीक, नाहीतर चारही घोडे विकावे लागणार होते. आणि सून घोड्यांना जाम घाबरायची.

"मी करीन, बाबा," ती म्हणाली खरी, पण आवाज तिचा तिलाही ऐकू गेला नसेल.

मास्तरांनी गवंड्याकडून मोकळ्या जागेत फक्कीने तबेला आखून घेतला, वाटेच्या दोन्ही बाजूंना घोडे बांधले आणि सुनेच्या हातात बादली दिली.

"जा बघू त्या टोकापर्यंत. खातायत का काय तुला?"

ती निघाली. मध्यावर दोन्हीकडून माना पुढे आल्या, पांढऱ्या घोडीने बादलीत तोंड घातलं आणि सून डोळे मिटून तिथेच उभी राहिली. पळाली नाही. बादलीही सोडली नाही.

ओरडायला उघडलेलं तोंड मास्तरांनी मिटलं. जाऊन त्यांनी घोडीला मागे सारलं.

"पुसून टाक रे हे सगळं," ते गवंड्यावर डाफरले. "एकच रांग घे. समोरच्या भिंतीत खिडक्या, खिडक्यांच्या आत गव्हाणी. चारापाणी बाहेरूनच."

"पण मास्तर, तुम्ही तर इतकी वर्षं..."

"घोड्यांना वारा चांगला लागतो तसा. तुला काय कळतंय त्यातलं?"

गवंड्याला कळायचं ते कळलं. तो हसत हसत रेघा पुसायला लागला.

तबेला उभा राहिला. पहिल्याच सकाळी सुनेने बाहेरून चारही गव्हाणी भरल्या आणि ती बाजूच्या दाराशी येऊन थांबली. मास्तर ताडमाड उंच, सून जेमतेम त्यांच्या दंडाला लागणारी. दाराची कडी बरोबर तिच्या हाताशी होती.

"बाबा, ही फार खाली बसवलीय. तुम्हाला वाकावं लागेल."

"सुताराचा गाढवपणा. राहू दे आता."

ती थोडा वेळ कडीकडे बघत राहिली. मग काही गरज नसताना तिने ती काढली, आत गेली आणि पांढऱ्या घोडीच्या मानेवर हात ठेवला. घोडीने मान हलवली, पण तिने हात मागे घेतला नाही.

मास्तरांना भरून आलं.

"नुसती उभी काय राहिलीस?" ते दारातून खेकसले. "कानामागे खाजव. तिला आवडतं."