भाबींनी न केलेली सही

मी एसटीत ड्रायव्हर होतो. घाटातल्या वळणांची मला कधी भीती वाटली नाही, पण निवृत्त होऊन मुरुडला घरी बसल्यावर परसातल्या जांभळाने मला घाबरवलं.

ते झाड आमच्या कुंपणाला लागून आहे. बुंधा दोघांनी हात धरले तरी कवेत येत नाही. बुंधा आमच्या हद्दीत, पण सगळ्यात जाड फांदी शेजारच्या घरावर गेलेली. शेजारचे गृहस्थ बरीच वर्षं कुवेतला होते आणि वादळाच्या वर्षी नुकतेच कायमचे परत आले होते. त्यांच्या बायकोला आम्ही भाबी म्हणतो. नवरा परदेशात असताना घर, सासूचं आजारपण, मुलींची लग्नं, सगळं त्यांनीच निभावलं.

मोठं वादळ आलं त्या दिवशी सकाळपासून समुद्र गर्जत होता. दुपारी वारा इतका वाढला की दाराला आतून पाठ लावून मी आणि बायको उभे राहिलो. तेवढ्यात मागे कडाड आवाज झाला. खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर जांभळाच्या त्या जाड फांदीचा पुढचा भाग मोडून भाबींच्या स्वयंपाकघरावर पडला होता. मी ओरडून हाका मारल्या. वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना. बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. पुढचा तासभर मी काय काय मनात आणलं ते इथे लिहीत नाही.

वारा जरा उतरल्यावर धावत गेलो. यजमान मुलीकडे गेलेले, भाबी एकट्याच ओटीवर उभ्या होत्या, दोन्ही हातांना पीठ तसंच. "पुढचं दार धडधडायला लागलं म्हणून कडी लावायला उठले भाऊ," त्या म्हणाल्या. "अल्लाची मेहेरबानी." आत जाऊन पाहिलं, तर तव्यावर कौलांचे तुकडे पडलेले आणि त्या बसत असत त्या पाटाचे दोन भाग झालेले. मी तिथेच त्यांची माफी मागायला लागलो. उलट भाबींनीच मला पाणी आणून दिलं.

त्यांची कौलं मी स्वतः वर चढून बसवली आणि त्याच आठवड्यात ठरवलं की झाड बुंध्यापासून काढायचं. बायको म्हणाली, "घाई नको." मी ऐकलं नाही. नगरपरिषदेत गेलो. तिथले कारकून म्हणाले, "अर्ज करा. पण धोका शेजाऱ्यांना आहे म्हणता, तर त्यांचीही सही घेऊन या. मग आमचा माणूस येऊन पाहील."

सही म्हणजे मला नुसता उपचार वाटला. ज्यांच्या घरावर फांदी पडली ते नाही कशाला म्हणतील? संध्याकाळी कागद घेऊन गेलो. भाबींनी चष्मा लावून सगळा अर्ज वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"मी सही नाही करणार."

मला वाटलं, रागावल्या आहेत. मी पुन्हा माफी मागायला लागलो.

"माफी कसली भाऊ? जरा आपल्या आळीत फिरून या. कोणाच्या घरावर पत्रा राहिलाय? आपली दोनच घरं शाबूत आहेत. दर्याकडून येणारा वारा सगळा त्या जांभळाने अंगावर घेतला. एक फांदी त्याने टाकली, कबूल. पण बाकीचं?"

"आणि उद्या अख्खं झाड आलं तर? तुम्ही त्या पाटावर बसलेल्या असलात तर?" माझा आवाज चढला होता.

"तुम्ही घाबरलात म्हणून ते पाडताय. घाबरलेल्या माणसाच्या कागदावर मी सही करत नाही. आधी कळतं त्या माणसाला दाखवा. तो पाड म्हणाला तर लगेच करते."

मी त्यांच्या यजमानांकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "माझ्याकडे नका बघू. इथल्या सह्या तीच करते."

मी तणतणत घरी आलो. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. झाड मी कोणालाच दाखवलं नव्हतं. म्हणून आमच्या वाडीतले नारळ उतरवणाऱ्या पाडेलीला बोलावलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, सगळा जन्म झाडावर गेलेला. त्याने आधी वर पाहिलंच नाही. बुंध्याभोवती वाकून जमीन पाहिली, पायाने दाबली.

"माती उचललेली न्हाय. भेग न्हाय. मुळं धरून हायत," तो म्हणाला. मग कोयत्याच्या पाठीने खोडावर सगळीकडून ठोकत गेला. टणक आवाज येत होता. शिडीवर चढून मोडक्या फांदीच्या उरलेल्या भागावर ठोकलं, तेव्हा आवाज बदलला. "ऐकलंत? ही पोकळ हाय. खोड भरीव हाय."

"मग पाडायचं का?"

"कशापायी? ही फांदी काढा, वाळलेलं काढा. शेंडा मात्र छाटायचा न्हाय. शेंडा छाटला की नुसते फुटवे येतात, आन् ते वाऱ्यात पटकन मोडतात."

फांद्या छाटण्याचा नवा अर्ज लिहिला. त्यावर भाबींनी उभ्याउभ्याच सही केली. नगरपरिषदेचा माणूस येऊन पाहून गेला. पाऊस संपल्यावर काम काढलं. कोळीवाड्यातून होडीचा जाड दोर आणला. वरच्या फांदीवरून घेतलेल्या दोराने पोकळ फांदी बांधून पाडेली टोकाकडून एकेक तुकडा कापत बुंध्याकडे आला. प्रत्येक वेळी आधी खालून थोडा काप, मग वरून, म्हणजे साल सोलून खाली येत नाही. दोराचं दुसरं टोक मी आणि भाबींचे यजमान धरून होतो. शेवटचा ओंडका सुटला तेव्हा तो एकदम कौलांकडे झुलला. आम्ही दोघं फरफटत कुंपणापर्यंत गेलो, तळहात सोलले, पण दोर सोडला नाही. ओंडका हळूहळू परसात उतरला. आत पाहिलं तर मूठ जाईल एवढी पोकळी आणि भुसा. ती फांदी पुढच्या पावसात नक्की खाली आली असती.

त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. माझी भीती खोटी नव्हती, आणि तरीही मी चुकीचं करायला निघालो होतो. भाबींनी त्या संध्याकाळी कागद परत दिला नसता तर भरीव, धडधाकट झाड मी माझ्या हाताने आडवं केलं असतं.

आता दर वैशाखात पाडेली येतो, ठोकून बघतो, थोडंफार हलकं करतो. कधीतरी तो पाडा म्हणेल, तेव्हा मी अडून बसणार नाही. जांभळं पिकली की मात्र दोन्ही परसं जांभळी होतात. परवा झाडू मारताना कुंपणापलीकडे भाबी दिसल्या. इतक्या वर्षांत नीट म्हटलं नव्हतं, ते म्हणून टाकलं, "भाबी, तुमचे उपकार आहेत."

त्यांनी खराटा थांबवला नाही. म्हणाल्या, "उपकार कसले? तुमच्या बाजूला जास्त पडलीत. आधी ती झाडा."

मी हसत हसत माझी बाजू झाडायला घेतली.